फिरत्या दवाखान्यातील संपर्कयंत्रणा : ‘रेंज नाही’ या तक्रारीचा उलगडा



आपल्या न्यासाच्या जमाखर्चात फिरत्या दवाखान्याच्या सदराखाली ‘संपर्क व देखभाल’ अशी एक बाब दरवर्षी असते. रक्कम फार मोठी नसते. तथापि वार्षिक सभेत तिच्याविषयी प्रश्न हमखास विचारला जातो. गाडी देणगीतून मिळाली, यंत्रे देणगीतून मिळाली, मग दरमहा हा खर्च कशासाठी? आणि खर्च करूनही गाडीतील सिस्टर ‘रेंज नाही’ असे का कळवितात? हा प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर शक्य तितक्या सोप्या भाषेत देण्याचा प्रयत्न केला आहे. तांत्रिक ज्ञान नसलेल्या वाचकासही दोष कोठे शोधावयाचा आणि पैसा कोठे लागतो हे समजावे, एवढाच हेतू आहे.

मेळघाटची वाट

परतवाडा हे मेळघाटचे प्रवेशद्वार. येथून एक रस्ता चिखलदऱ्याकडे चढतो, तर दुसरा घटांग, सेमाडोह, हरिसाल असा जंगलातून सुमारे शंभर किलोमीटरवरील धारणीस जातो. सातपुड्याच्या या भागात डोंगराची एक सोंड आड आली की टॉवरचा संकेत तुटतो आणि वळण संपले की पुन्हा मिळतो. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात नवा टॉवर उभारावयाचा तर वनखात्याची अनुमती लागते आणि टॉवरपर्यंत वीज व तारा नेण्याचे कामही अवघड असते. २०१६ साली हरिसाल हे ‘डिजिटल गाव’ म्हणून विकसित करण्याचा प्रकल्प शासनाने हाती घेतला. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील संपर्कहीन २४,६८० गावांत फोर-जी सेवा पोहोचविण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तिचे काम बीएसएनएलकडे सोपविले. परिस्थिती सुधारत आहे, यात शंका नाही. परंतु गाव टॉवरच्या कक्षेत येणे वेगळे आणि गावाबाहेरच्या नाल्याकाठी उभ्या असलेल्या पत्र्याच्या गाडीत तो संकेत पोहोचणे वेगळे.

१९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंची वार्ता राज्यभर पोहोचली, तेव्हापासून या भागात वेळेवर निदान आणि वेळेवर रुग्णालयात नेणे याचे महत्त्व सर्वांस पटले आहे. आपल्या गाडीतील यंत्रे त्यासाठीच आहेत. हृदयाचा आलेख काढणारे ईसीजी यंत्र. रक्तदाब, नाडी व रक्तातील ऑक्सिजन दाखविणारा मॉनिटर. आणि लसी व औषधांच्या शीतपेटीचे तापमान नोंदविणारे उपकरण. या यंत्रांचे आकडे परतवाड्यात बसलेल्या डॉक्टरांस त्याच वेळी दिसावेत, ही अपेक्षा.

ही कल्पना तशी नवी नाही. डच शास्त्रज्ञ विलेम आइन्टहोव्हन यांनी १९०५ साली लायडन येथे रुग्णालयातील रुग्णाचा हृदयालेख टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता. आपल्या देशात इस्रोने २००१ साली उपग्रहाद्वारे दूरवैद्यकाचा प्रकल्प सुरू केला, आणि २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जारी केल्यावर या पद्धतीस नियमांची चौकट लाभली. आइन्टहोव्हन यांची तार मात्र एका जागी स्थिर होती. आपली गाडी रोज नव्या जागी उभी राहते, आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे.

पाच कड्यांची साखळी

‘रेंज नाही’ हे दोन शब्द प्रत्यक्षात पाच निरनिराळ्या दोषांसाठी वापरले जातात. रुग्णाच्या शरीरापासून डॉक्टरांच्या पडद्यापर्यंत पाच कड्या आहेत. पहिली, गाडीतील वीज. दुसरी, रुग्णाच्या अंगावरील पट्ट्या, क्लिप व वायरी. तिसरी, यंत्र व गाडीतील राऊटर यांचा परस्परसंबंध. चौथी, राऊटर व टॉवर यांचा संबंध. आणि पाचवी, टॉवरपासून पुढे रुग्णालयाच्या संगणकापर्यंतचा मार्ग. टॉवरचा दोष या पाचांपैकी एकच. तो आपल्या हाती नसल्यामुळे त्याच्यावर ठपका ठेवणे सोपे जाते, एवढेच. म्हणून आमच्या पथकाने नियम केला आहे की तपासणी नेहमी आतून बाहेर करावयाची, एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि जे केले ते वहीत लिहावयाचे. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र सुरू होते, पण कशामुळे सुरू झाले ते कळत नाही आणि पुढच्या गावी तोच घोळ पुन्हा होतो.

पहिली कडी : वीज

गाडीच्या आतील उपकरणांसाठी स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी असावी लागते. इंजिनाच्याच बॅटरीवर राऊटर जोडला असेल तर स्टार्टर मारताक्षणी दाब क्षणभर खाली येतो, राऊटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि पुढील एक-दोन मिनिटे सर्व संपर्क तुटतो. चालकास वाटते गाडी सुरू झाली. सिस्टरांस वाटते रेंज गेली. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात.

काही वेळ विश्रांती घेतलेली, पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी मीटरवर साधारणतः १२.६ व्होल्ट दाखविते. आकडा १२ च्या आसपास आला की ती बरीच रिकामी झाली असे समजावे. राऊटरचा दिवा लुकलुकतो, शीतपेटी चालू-बंद होते, इन्व्हर्टर शिटी मारतो, ही सारी त्याचीच लक्षणे. म्हणून मीटर लावून आकडा पाहणे, फ्यूज पाहणे आणि बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी साफ करणे, ही तीन कामे गाडी निघण्यापूर्वीच करावयाची असतात.

दुसरी कडी : रुग्ण आणि यंत्र

मॉनिटरवर आकड्याऐवजी नुसत्या रेघा दिसल्या तर प्रथम रुग्णाकडे पाहावे, राऊटरकडे नव्हे. बोटावरील क्लिप सैल असणे, बोटे गार पडणे किंवा नखांना गडद रंग वा मेंदी लागलेली असणे यामुळे ऑक्सिजनचा आकडा येत नाही किंवा चुकीचा येतो. ईसीजीची पट्टी घामाने सुटली की आलेख तुटतो. आलेखावर बारीक, एकसारखी कंप पावणारी झालर दिसत असेल तर ती बहुधा ५० हर्ट्झच्या विजेची छाया असते. अर्थिंग सैल आहे किंवा इन्व्हर्टरची वायर रुग्णाच्या वायरीलगत गेली आहे असे समजावे. हे दोष गाडीतील मॉनिटरवरच दिसतात, त्यामुळे ओळख सोपी आहे. गाडीतील पडद्यावर आकडा ठीक दिसत असेल आणि फक्त परतवाड्यात दिसत नसेल, तरच पुढच्या कड्यांकडे वळावे.

तिसरी कडी : यंत्र आणि राऊटर

गाडीत सिम कार्ड घातलेला एक राऊटर असतो. यंत्रे त्यास वाय-फायने किंवा वायरने जोडलेली असतात. अनेक वैद्यकीय उपकरणांस फक्त २.४ गिगाहर्ट्झची वाय-फाय लहर ओळखता येते, तर नवे राऊटर ५ गिगाहर्ट्झचीही देतात. राऊटर बदलला आणि जुना मॉनिटर ‘हरवला’, असे घडले तर हे कारण आधी तपासावे. ब्लूटूथ उपकरणेही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलतात, त्यामुळे गर्दीत अडथळा येतो. जेथे शक्य आहे तेथे वायरीने जोडणे सर्वांत भरवशाचे.

दुसरा नेहमीचा दोष पत्त्यांचा. राऊटर प्रत्येक यंत्रास एक क्रमांक देतो. तो जणू त्या यंत्राचा घर क्रमांक. एखाद्या यंत्रात हा क्रमांक हाताने पक्का बसविलेला असेल आणि राऊटरने तोच दुसऱ्या यंत्रास दिला, तर एकाच क्रमांकाची दोन घरे झाल्यावर पोस्टमनचे जे होते तेच येथे होते. दोन्ही यंत्रे आळीपाळीने गायब होतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक यंत्राचा क्रमांक राऊटरमध्येच राखून ठेवणे आणि त्याची यादी गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटविणे.

या कडीची एक सोपी परीक्षा आहे. सिस्टरांनी स्वतःचा मोबाइल गाडीच्या वाय-फायला जोडावा, मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा आणि एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. डेटा बंद करणे महत्त्वाचे आहे, कारण वाय-फायमध्ये काही येत नसेल तर पुष्कळ मोबाइल गुपचूप स्वतःच्या सिमवर जातात आणि परीक्षा खोटी ठरते. पान उघडले तर राऊटर व टॉवर ठीक आहेत. दोष यंत्रात किंवा पाचव्या कडीत आहे. उघडले नाही तर दोष चौथ्या कडीत किंवा तिच्या पुढे आहे. निम्मे काम येथेच संपते.

चौथी कडी : राऊटर आणि टॉवर

गाडीचे पत्र्याचे अंग रेडिओ लहरींस भिंतीसारखे अडवते. आत ठेवलेला राऊटर म्हणजे डब्यात ठेवलेला रेडिओ. म्हणून अँटेना छतावर हवा. अँटेनापासून राऊटरपर्यंतची केबल जितकी लांब तितका संकेत तिच्यातच विरतो, म्हणून केबल आखूड हवी आणि जोड पाण्यापासून बंद केलेले हवेत. आपल्याकडील पावसाळ्यात जोडात पाणी शिरणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि हा दोष फसवा असतो. ऊन पडले की तो आपोआप बरा होतो आणि पुढच्या सरीला परत येतो.

मोबाइलवरील दांड्यांवर विसंबू नये. राऊटरच्या माहितीपानावर संकेताचा आकडा उणे चिन्हासह दिलेला असतो. फोर-जीसाठी उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० म्हणजे कामचलाऊ, आणि उणे ११५ च्या पलीकडे संपर्क केव्हाही तुटेल असे समजावे. आकडा उत्तम असूनही माहिती जात नसेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. रिचार्जची मुदत संपली आहे काय? सिम बदलताना राऊटरमधील ‘एपीएन’ ही नोंद त्या कंपनीप्रमाणे केली आहे काय? आणि त्याच कंपनीचे सिम असलेला दुसरा मोबाइल त्याच जागी चालतो काय? तो चालत असेल तर दोष आपल्या राऊटरचा, सिमचा वा अँटेनाचा. चालत नसेल तर टॉवरचा.

येथे आणखी एक मुद्दा लक्षात घ्यावा. २०२० व त्यानंतरच्या वर्षांत काही खाजगी कंपन्यांनी आपली थ्री-जी सेवा बंद केली. ज्या उपकरणांत फक्त थ्री-जीचे मोडेम होते ती धडधाकट असूनही मुकी झाली. देणगीत जुने उपकरण स्वीकारताना ते कोणत्या पिढीच्या सेवेवर चालते हे विचारून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

टॉवरच दूर असेल तर गाडी हलवून पाहावी. डोंगराळ भागात पन्नास-शंभर मीटर पुढे, किंचित उंचावर, मोकळ्या बाजूस गाडी लावली तर पुष्कळदा काम होते. येथे वही उपयोगी पडते. कोणत्या गावी गाडी कोठे उभी केली, कोणत्या कंपनीचे सिम चालले, आकडा किती होता, हे लिहून ठेवले की पुढच्या फेरीत नवा चालकही नेमका त्याच झाडाखाली गाडी लावतो. राऊटर दोन सिमचा असावा आणि दोन्ही सिम वेगवेगळ्या कंपन्यांची असावीत, हेही या वहीनेच शिकविले.

पाचवी कडी : टॉवरच्या पुढे

सर्व दिवे हिरवे आहेत, मोबाइलवर पान उघडते, तरीही मॉनिटरचे आकडे रुग्णालयात पोहोचत नाहीत. अशा वेळी मॉनिटरवरील तारीख पाहावी. आतील छोटी बॅटरी संपली की यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संपर्कात दोन्ही बाजू एकमेकींची ओळखपत्रे तपासतात आणि त्या ओळखपत्रांवर मुदत लिहिलेली असते. मागे गेलेल्या घड्याळास आजचे ओळखपत्र अद्याप सुरूच झालेले नाही असे वाटते आणि ते संपर्क नाकारते. तारीख दुरुस्त केली की काम सुरू होते. चुकीच्या तारखेचा दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. रुग्णाच्या नोंदी भलत्याच दिवसाखाली जमा होतात आणि पुढे डॉक्टरांस त्या सापडत नाहीत.

बदललेला पासवर्ड, संपलेली वार्षिक वर्गणी, रुग्णालयातील संगणक बंद असणे, ही या कडीतील उरलेली कारणे. यासाठी परतवाड्यात फोन करून ‘तुमच्या बाजूस सर्व सुरू आहे ना’ एवढे विचारणे पुरते. रुग्णांची माहिती खाजगी असते आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तिचे महत्त्व अधोरेखित केले आहे. म्हणून काम अडले तरी पासवर्ड भिंतीवर लिहू नये आणि अहवाल कोणाच्याही खाजगी मोबाइल गटात टाकू नये.

आधी काय पाठवावे

अरुंद नाल्यातून सारे पाणी एकदम जात नाही. संपर्क क्षीण असेल तेव्हा काय आधी पाठवावयाचे हे ठरलेले असावे. रक्तदाब, नाडी व ऑक्सिजन यांचे आकडे काही अक्षरांतच मावतात. बारा लीडचा दहा सेकंदांचा ईसीजी साधारण शंभर-दोनशे किलोबाइटचा होतो. छातीचा डिजिटल एक्स-रे दहा-वीस मेगाबाइटचा, म्हणजे ईसीजीच्या सुमारे शंभरपट. दृक्-श्राव्य संभाषण तर दर मिनिटास कित्येक मेगाबाइट घेते. छातीत कळ आलेल्या रुग्णासमोर व्हिडिओ कॉल लागतो काय याची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी ईसीजी पाठवावा आणि मग साधा फोन करावा, हे यावरून सहज समजेल.

रिकामा पडदा आणि थांबलेला आकडा

आता सर्वांत महत्त्वाचे. संपर्क तुटला म्हणजे रुग्णसेवा थांबली असे कदापि होता कामा नये. समजा, दूरच्या पाड्यावर एका गरोदर भगिनीचा रक्तदाब १६०/११० आहे. १४०/९० पासूनच गरोदरपणात काळजी सुरू होते. १६०/११० म्हणजे तीव्र धोका, झटके येण्याची शक्यता. तिला अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावयाचे की थेट अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात, हा निर्णय काही मिनिटांत व्हावयास हवा. अशा वेळी राऊटरची दुरुस्ती करीत बसणे हा अपराध ठरेल. म्हणून पथकास सूचना आहे की धोक्याचा आकडा दिसताच दोन मिनिटांत माहिती गेली नाही, तर आकडे फोनवर वाचून दाखवावेत. फोनही लागत नसेल तर ठरलेले प्राथमिक उपचार करून गाडी रुग्णासह निघावी आणि वाटेत जेथे संकेत मिळेल तेथून कळवावे. २०१४ पासून राज्यात सुरू असलेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेसही त्याच वेळी कळवावयाचे.

दुसरी काळजी रुग्णालयातील बाजूची. संपर्क तुटल्यावर काही पडद्यांवर शेवटचा आकडा तसाच राहतो. ऑक्सिजन ९७ दिसतो आणि पाहणाऱ्यास हायसे वाटते. प्रत्यक्षात तो आकडा वीस मिनिटांपूर्वीचा असतो. म्हणून आकड्याआधी त्यापुढील वेळ वाचावी. रिकामा पडदा म्हणजे रुग्ण बरा नव्हे, आणि न हलणारा आकडा म्हणजे रुग्ण स्थिर नव्हे. तिसरी काळजी अशी की यंत्राने माहिती स्वतःजवळ साठवून ठेवली पाहिजे आणि संपर्क आल्यावर ती आपोआप पाठविली पाहिजे. शीतपेटीच्या बाबतीत हे विशेष आवश्यक आहे. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावयास हव्यात. जंगलातील चार तासांत तापमान काय होते हे नंतर कळले तरी चालते, पण कळलेच नाही तर ती लस बालकास द्यावी की नाही याचा निर्णय करता येत नाही.

खर्चाचा हिशेब

हिशेबाच्या भाषेत मॉनिटर हा भांडवली खर्च आणि रिचार्ज, केबल, अँटेना, बॅटरी, वार्षिक वर्गणी हा आवर्ती खर्च. भांडवली वस्तू देण्यास दाते उत्साहाने पुढे येतात, आणि ते स्वाभाविकही आहे; मॉनिटरवर दिवंगत आई-वडिलांचे नाव कोरता येते, बॅटरीवर कोणी नाव कोरत नाही. परंतु वर पाहिलेल्या पाच कड्यांत महागडे यंत्र बिघडल्याने पडलेला खंड क्वचितच आढळतो. खंड पडतो तो थकलेल्या बॅटरीने, पाणी शिरलेल्या जोडाने आणि मुदत संपलेल्या रिचार्जने. शिसे-आम्ल बॅटरी तीन-चार वर्षांत बदलावीच लागते. ती न बदलल्यास लाखो रुपयांची देणगी काही हजारांसाठी निरुपयोगी ठरते.

यास्तव विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ दोन सूचना नम्रपणे मांडत आहे. यापुढे फिरत्या दवाखान्यासाठी यंत्राची देणगी स्वीकारताना त्या यंत्राच्या पुढील पाच वर्षांच्या संपर्क व देखभाल खर्चाची तरतूद त्याच वेळी ठरावी. तसेच एक लहानसा कायम निधी उभारून त्याच्या व्याजातून हा आवर्ती खर्च भागवावा, म्हणजे दर महिन्याच्या रोख शिलकीवर तो अवलंबून राहणार नाही.

रुग्णांच्या आप्तजनांसही एक विनंती. गाडीत तपासणी सुरू असताना सिस्टरांनी मोबाइलवरील व्हिडिओ थांबविण्यास किंवा गाडीच्या वाय-फायवरून बाजूला होण्यास सांगितले तर राग मानू नये. त्या अरुंद वाटेवरून आपल्याच माणसाचा ईसीजी जात असतो. आणि संपर्क लागत नाही म्हणून पथक रुग्णास घेऊन लगेच निघाले, तर तो घाईचा निर्णय न समजता विचारपूर्वक ठरविलेला मार्ग समजावा.

आपल्या देणगीचे मोल यंत्राच्या किमतीत नसून, पाड्यावरील आकडा योग्य डॉक्टरांपर्यंत योग्य वेळी पोहोचण्यात आहे. त्या पाचही कड्या अखंड ठेवण्याचे काम पथकातील चालक, परिचारिका व तंत्रज्ञ निष्ठेने करीत आहेत. 

— प्रशासक
परतवाडा